अभ्यासाची सावड

पळसदरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शाळेवर मी रुजू झालो तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, कागद मिळत नव्हता, आणि भाताची लावणी लागली की पोरंही मिळत नव्हती. एक खोली, चार इयत्ता, मास्तर मी एकटा. लावणी आटपून पोरं परत येत तोवर पुस्तक बरंच पुढे गेलेलं असे. ती कशीबशी पुस्तकाला गाठायला लागली की कापणी येई, मग झोडणी. वर्षाच्या शेवटी शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब परीक्षा घ्यायला येत आणि निम्म्या शाळेला नापास करून जात.

माझ्या आधीच्या मास्तरांनी जाताना मला सल्ला दिला होता, "येतील त्यांना शिकवा, बाकीच्यांचं सोडा. शेतकऱ्याची पोरं ती." मी स्वतः चौक गावच्या बाजूचा, शेतकऱ्याचंच पोर. लावणीपायी दोनदा नापास झालेला. हे ऐकून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्याच दिवशी मी ठरवलं, इथे पोरं पुस्तकामागे धावणार नाहीत, पुस्तक पोरांसाठी थांबेल.

कर्जतच्या दुकानांतून रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणले. एकेका पुठ्ठ्यावर एकेक धडा लिहिला आणि भिंतीत बांबूच्या खुंट्या ठोकून ओळीने टांगले. एक ओळ वाचनाची, एक हिशेबाची. एक ओळ आपल्या गावाची: ओढा कुठून येतो, कुठे जातो, कुठलं झाड कशाला उपयोगी पडतं. एक ओळ हातांची: सूत काढणं, दोर वळणं, आंब्याचं कलम बांधणं. शेवटची गाण्यांची आणि कसरतींची. पोरानं आपला पुठ्ठा उतरवायचा, धडा पाटीवर करून मला दाखवायचा आणि पुढच्या खुंटीला हात घालायचा. महिनाभर शेतात गेला तरी परत आल्यावर त्याची खुंटी जागच्या जागी. गावाने मला येडा ठरवलं. ठरवू दे म्हटलं.

चौथीत एक मुलगी तिसऱ्यांदा बसली होती. तिच्या बापाने पहिल्याच आठवड्यात मला वाटेत गाठलं. "गुरुजी, या साली पास झाली तर कर्जतला पुढल्या शाळंत घालीन. नाय झाली तर घरी बसंल. हे तिसरं साल वाट बघतोय मी, आता मलाबी शेतात माणूस लागतं." माणूस वाईट नव्हता. तीन वर्षं थांबणारे बाप त्या गावात दुसरे नव्हतेच. मी म्हटलं, "पास होईल," आणि ते माझ्या अंगाला चिकटलं.

श्रावणापासून खुंट्यांची शाळा अशी पळायला लागली की माझा मलाच विश्वास बसेना. मुलगी तर वाचनाच्या ओळीत झपाझप पुढे सरकत होती. प्रत्येक धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं पाटीवर बिनचूक. मी खुशीत होतो. दिवाळीच्या तोंडावर सहज म्हणून तिच्या हातात पुठ्ठा दिला आणि म्हटलं, "वाच गं."

तिने तीन-चार अक्षरं जुळवली आणि थांबली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "माझं वाचन ती करते, गुरुजी." तिने दुसरीतल्या एका चुणचुणीत पोरीकडे बोट केलं. "मी तिचं गनित करते."

चौकशी केली तेव्हा सगळी शाळाच तशी निघाली. कुणी सर्वांचे दोर वळत होता, कुणी सर्वांचं सुबक अक्षर काढत होता. चोरी केल्याचा भाव एकाच्याही तोंडावर नव्हता. कसा असणार? गावात भात सावडीनेच निघतं. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. जड काम एकट्याने करत बसतो तो अडाणी, हे ती आईच्या दुधाबरोबर शिकलेली. अभ्यास जड होता, म्हणून त्यांनी त्याचीही सावड घातली होती.

मी मात्र पेटलो होतो. झाला प्रकार सांगायला तडक त्या चौथीतल्या मुलीच्या बापाच्या खाचरावर गेलो. तिथे कापणीची सावड चालली होती. बांधावर उभं राहून कापणाऱ्या माणसाला चार शब्द सुनावणं शेतकऱ्याच्या पोराला जमत नाही, म्हणून आधी विळा मागून घेतला आणि वाकलो. दोन पेंढ्या होईतो राग घामाबरोबर उतरला आणि समोरचं दिसायला लागलं. अर्धं गाव त्या खाचरात कापत होतं, पण सगळ्यांच्या पुढे, पहिल्या पातीला, शेताचा धनी, मुलीचा बाप, स्वतः होता. सावडीला माणसं बोलावून घरी बसणारा धनी मी माझ्या चौक गावात पाहिला नव्हता, इथेही नव्हता. पोरांनी सावड बरोबर घातली होती, फक्त धनी घरी ठेवला होता. बापाला काही न सांगता मी परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाहीर केलं, "सावड चालू राहील. पण ज्याचा धडा त्यानं पहिली पात धरायची. मदतीला येणाऱ्यानं ओळीखाली बोट ठेवायचं, तोंड धन्यानंच उघडायचं."

मग पळणारी शाळा रांगायला लागली. त्या मुलीला मी वाचनाच्या पहिल्या खुंटीवर परत नेलं. ती दिवसभर शाळेत आणि शाळा सुटल्यावर पाणी भरून पुन्हा पायरीवर बसायची. शेजारी दुसरीतली पोर ओळीखाली बोट धरून. मलाच धीर निघेना. एकदा विचारलं, "दमलीस का गं?"

"दमले. पन निम्मं झालंय, आता नाय सोडायची."

होळीनंतर डेप्युटीसाहेब आले. हिशेब तिने बसल्या बैठकीला केले. मग साहेबांनी पुस्तक उघडून एका गोष्टीवर बोट ठेवलं. एक लांडगा, एक म्हातारी आणि तिची शेळी. बाप दारात येऊन उभा होता. मुलीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती वाचायला लागली, सावकाश, एकेक शब्द पाय रोवून. लांडगा म्हातारीच्या दारापर्यंत पोचला आणि साहेब म्हणाले, "पुरे."

"वाचू द्या तिला, सायब," बाप म्हणाला.

साहेबांनी वर पाहिलं. "अहो, पास केली तिला. म्हणून पुरे म्हटलं."

"ते समजलं," बाप म्हणाला आणि उंबऱ्याच्या आत येऊन खाली बसला. "पन शेळीचं काय झालं ते ऐकू द्या."