जात्यासमोरची जागा

मथुरा खलाशाची बायको. लग्न होऊन मांडवीला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन लुगडी आणि येशूच्या वचनांचं तळहाताएवढं पुस्तक होतं. तिचे वडील मुंबईला सिस्टरांच्या शाळेत माळी, म्हणून पोरीला चार अक्षरं मिळाली. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने शिकवलं होतं, की वचन नुसतं पाठ करू नये; ते बोललं गेलं तिथे जाऊन बसावं, कोण कोण आहे ते बघावं आणि त्यांच्यातलंच एक व्हावं. मथुरेने धर्म बदलला नाही. देव्हाऱ्यातल्या देवांना ती रोज फुलं वाही. पण भाकऱ्या उरकल्या की चुलीपुढे बसून एक वचन वाची आणि डोळे मिटी.

थोरल्या जावेला, गोदूबाईला, याची गंमत वाटे.

"आज कुठे जाऊन आलीस गो?"

"मेंढरू हरवलं होतं, वैनी."

"सापडलं काय?"

"सापडलं."

"मग आता बांगडे साफ कर."

एक वचन मथुरेच्या फार जवळचं होतं. दोघीजणी जात्यावर दळत असतील. एकीला नेलं जाईल, एक मागे राहील. नेलं जाईल ते देवाकडे, असं सिस्टरने सांगितलं होतं. त्यासाठी तिला लांब जावंच लागत नसे. रोज पहाटे ती आणि गोदूबाई जात्यावर समोरासमोर बसत, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. वचनात शिरली की मथुरा नेहमी नेलेली बाई होई. हात खुंट्यावरून सुटे, अंग हलकं होई, कुणीतरी नावाने हाक मारी. दुसरीकडे तिने कधी वळून पाहिलं नाही.

त्रेपन्न साली पावसाळा सरता सरता गोदूबाईला खोकल्यातून रक्त पडलं. क्षय. इंजेक्शनं सुरू झाली, पण उशिरा. डॉक्टरांनी बजावलं, ताटवाटी वेगळी ठेवा, तिच्या तोंडासमोर बसू नका, तान्ह्या पोरीला जवळ नेऊ नका. मथुरेची सगुणा अजून अंगावर पीत होती. गोदूबाईचं अंथरूण पडवीत गेलं आणि मथुरा एकटी दळू लागली.

"जातं कण्हतंय गो," पडवीतून आवाज येई. "माझ्यापेक्षा त्याचीच दशा वाईट."

एका पहाटे गोदूबाई भिंत धरत धरत आत आली आणि आपल्या जागी बसली. खुंट्यावर हात ठेवला.

"दोन मुठी दळते. मग जाते."

"डॉक्टर काय म्हणाले, वैनी?"

"डॉक्टर दळायला येणार काय?"

ती हसली आणि खोकली. मथुरेने झटकन खुंटा सोडला.

"उठा. माझ्या पोरीला काही झालं तर तुम्ही भरून देणार?"

गोदूबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं. "बरोबर हां तुझं," म्हणाली आणि आली तशी भिंत धरून गेली.

त्या दिवशी मथुरेने तेच वचन काढलं. डोळे मिटले, पण तिला कुणी नेईना. ती जात्यापाशीच राहिली. मग पहिल्यांदा तिने समोरच्या बाईकडे पाहिलं. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले, आणि नजर खुंट्यावर. तिला अजून कुणी नेलंही नव्हतं. मथुरेनेच उठवलं होतं.

दुसऱ्या पहाटे तिने झोपलेल्या सगुणाला आतल्या खोलीत ठेवून दार ओढलं, तोंडाला पदर बांधला आणि जातं ओढत ओढत पडवीच्या दारात आणलं.

"वैनी, या. बसा समोर."

गोदूबाई पडल्या पडल्या बघत राहिली. "नको."

"माझं चुकलं काल."

"चुकलं नाही. आणि मी बसले तर तुला एकटीला सवय व्हायची कशी? दळ तू."

मथुरा दळू लागली. डोळ्यांना पाणी लागलं होतं, मूठ कमीजास्त पडत होती.

"मोठी घेतेस मूठ," गोदूबाई म्हणाली. "पीठ जाड येईल, भाकरी फुटेल."

भाकरी खरंच फुटली. त्यातल्या त्यात बरी पाहून मथुरेने ताटलीत घातली. रोज ती ताटली उंबऱ्यापाशी ठेवून मागे फिरे. आज अंथरुणापर्यंत गेली, खाली बसली आणि स्वतःच्या हाताने तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरला. गोदूबाईने तोंड उघडलं नाही. तिने फक्त मथुरेचं मनगट धरलं, क्षणभरच, तापाने भाजणाऱ्या हाताने.

आत सगुणा जागी होऊन रडू लागली.

"जा," गोदूबाई मनगट सोडत म्हणाली. "आधी हात धू. साबणाने धू हां."