उजव्या स्टिकवरची टोपी

“गावंडे सर, याच्यात काहीतरी हाय,” असं म्हणून वानखडे सरांनी एक कंट्रोलर माझ्या टेबलावर ठेवला. मागे रूपाली राऊत उभी होती. कंट्रोलर तिचा होता. पाच मिनिटांपूर्वी तिने वानखडे सरांच्या कॉलेजच्या सारंगला सेमीफायनलमध्ये हरवलं होतं.

अमरावतीच्या एका कॉलेजात व्हिडिओ गेमची स्पर्धा होती. मी अकोल्याचा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो आणि आता घरी कंट्रोलर दुरुस्त करतो. म्हणून मला टेक्निकल रेफरी म्हणून बोलावलं होतं. काम असं की कोणी यंत्रात लबाडी करत असेल तर ती पकडायची.

ज्यांनी कंट्रोलर हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यावर अंगठ्याने फिरवायच्या दोन छोट्या दांड्या असतात. त्यांना स्टिक म्हणतात. बंदुकीच्या गेममध्ये डाव्या स्टिकने माणूस चालतो, उजवीने नेम धरतो. रूपालीच्या उजव्या स्टिकवर बोटाच्या पेराएवढी उंच रबरी टोपी बसवलेली होती. बाजारात याला एक्स्टेंडर म्हणतात. याने नेम सुधारतो, असं पाकिटावर छापलेलं असतं. पाकिटावर काय, काहीही छापता येतं.

खरं सांगायचं तर मलाही शंका आली होती. मागच्या स्पर्धेत ही पोरगी पहिल्याच फेरीत बाहेर गेली होती. आता तिचा नेम चुकतच नव्हता. एवढा फरक पडला की मी आधी स्क्रूड्रायव्हर काढतो. कंट्रोलर उघडला. कंपनीच्या बोर्डाशिवाय आत काही नव्हतं. वायर तपासली, तिला मध्ये काही जोडलेलं नव्हतं. मग टोपी काढली आणि ब्लेडने मधोमध कापली. आतही नुसतं रबर. रूपाली बघत होती. पिशवीतून दुसरी टोपी काढून तिने माझ्यासमोर ठेवली.

वानखडे सरांचं समाधान झालं नाही. चिप नसेल, पण टोपीनेच नेम सुधारतो ना, मग तो जास्तीचा फायदाच झाला, असं त्यांचं म्हणणं. वर ते हेही बोलले की पोरगी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याची, कॉलेज अकोल्याचं आणि रेफरीही अकोल्याचा. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. स्पर्धेच्या प्रमुख देशमुख मॅडमनी नियम वाचले. टोप्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांनी मला विचारलं, “याने नेम सुधारतो का, हो की नाही?”

मी म्हटलं, सगळ्यांसमोर तपासू. लागलेल्या गोळ्या वानखडे सर मोजतील.

गेममध्ये सरावाचं मैदान असतं, तिथे हलती लक्ष्यं येतात. रूपालीने टोपी लावून नेम धरला. बहुतेक गोळ्या लागल्या. टोपी काढून धरला, तर नेम लक्ष्याच्या पुढे निघून जायला लागला. अर्ध्याही लागल्या नाहीत.

“झालं,” वानखडे सर म्हणाले. “अजून काय पायजे?”

मला हा निकाल पटत नव्हता. मी सारंगच्या कंट्रोलरवर तीच टोपी बसवली. त्याचा नेम आता लक्ष्याच्या मागेच राहू लागला. टोपी काढली की ठीक, लावली की खराब.

“त्याले सवय नाई ना टोपीची,” वानखडे सर म्हणाले.

“मग तिले बिनटोपीची सवय कुठून असंन?” मी विचारलं.

मग मी रूपालीला सेटिंग दाखवायला सांगितलं. तिथे सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो. स्टिक जराशी हलवली तर नेम किती फिरणार, ते त्यावर ठरतं. तिचा आकडा सारंगपेक्षा बराच वर होता. टोपीने स्टिक लांब होते. लांब स्टिक तेवढीच झुकवायला अंगठ्याला जास्त सरकावं लागतं. त्यामुळे बारीक नेम जपून धरता येतो, पण झटकन वळता येत नाही. हा संथपणा भरून काढायला तिने आकडा वाढवला होता. टोपी काढली आणि आकडा तसाच ठेवला, तर नेम धावणारच. म्हणजे आमची चाचणीच वाकडी होती.

मी आकडा खाली आणला. तिला थोडा सराव करू दिला आणि परत मोजायला लावलं. टोपीसारखं नाही, पण आधीपेक्षा खूप चांगलं जमलं. गोळीगणिक सुधारत होतं. मी मॅडमना सांगितलं की टोपीचा फायदा आहे तसा तोटाही आहे, ही लबाडी नाही आणि निकाल कायम ठेवावा. एवढा नेम कसा सुधारला, हेही मी रूपालीला विचारलं. ती म्हणाली, “रोज खेळून राहिली मी. दुसरं काय?”

वानखडे सर काही केल्या ऐकेनात. फायदा थोडा का होईना, आहे असं रेफरीच म्हणतात, हे त्यांनी बरोबर पकडलं. मॅडमना भांडण नको होतं. त्यांनी मधला मार्ग काढला: शेवटचा राउंड परत खेळायचा, दोघांनीही बिनटोपीने. मी म्हटलं की हाताची सवय बदलायला दिवस लागतात, लगेच खेळवणं म्हणजे न्याय नाही. त्या म्हणाल्या, “सर, दोन्ही कॉलेजांना तोंड मला द्यायचंय.”

रूपालीने टोपी पिशवीत टाकली आणि जाऊन बसली. राउंड चांगला चालला. शेवटी सारंग अचानक तिच्या बाजूने आला. तिने वळून नेम धरला, तो त्याला ओलांडून पुढे गेला. सारंगने गोळी मारली आणि सामना जिंकला. वानखडे सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही आता सिद्ध झालं.

मी सामान भरत होतो तेव्हा ती आली.

“काका, तुमाले बी वाटलंच होतं ना, का मी लबाडी करून राहिली म्हणून?”

“वाटलं होतं,” मी म्हटलं. “तपासलं, मग नाही वाटलं.”

“पण तपासून काय झालं?” ती म्हणाली. ती अकोल्याच्या गाडीकडे निघून गेली.

पुढच्या वर्षी नियमात एक ओळ आली: एक्स्टेंडर चालतील. मी पुन्हा रेफरी होतो. वानखडे सरांची सगळी मुलं टोप्या लावून आली होती. सारंगसुद्धा. एकाचीही सेटिंग बदललेली नव्हती. सगळी पहिल्या दोन फेऱ्यांत गारद झाली. वानखडे सर माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले की या टोप्या डुप्लिकेट असाव्यात, जरा कापून पाहता का.

रूपाली त्या वर्षी आली नव्हती. कॉलेज संपलं होतं तिचं.

आता कोणी कंट्रोलर दुरुस्तीला आणला आणि विचारलं की टोपीने नेम सुधारतो का, तर मी सांगतो: सेटिंग बदला, महिनाभर रोज खेळा, मग सुधारतो. महिनाभर रोज खेळलं तर टोपीशिवायही सुधारतो. बहुतेक जण यावर टोपीच मागतात.