घरच्या गाडीचं गॅस्केट

तळवलीत मानसिंग शिंदेचं गॅरेज कुठलं विचारलं, तर शेंबडं पोरही बोट दाखवेल. माणूस मूळचा साताऱ्याकडचा, बोलायला भारी कंजूष. पण त्याने एकदा इंजिनाचं हेड बसवलं की ते गळायचं नाही, ही ख्याती. वेग वाढवायला नायट्रस वायूची बाटली लावलेल्या बाइक तर पार पनवेलहून त्याच्याकडे येत. नायट्रस सोडला की इंजिनात असा दाब चढतो, की हेड आणि सिलिंडरच्या मधलं पातळ गॅस्केट आधी फाटतं. मानसिंगच्या हातचं फाटत नसे.

फाटायचं ते एकाच गाडीचं, त्याच्या लेकीच्या. मोनाली न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे नोकरी करते आणि सुट्टीला सरळ धावपट्टीवरच्या शर्यतीत नायट्रस लावलेली बाइक पळवते. दोन वर्षांत तिची तीन गॅस्केटं गेली. शेजारचा टायरवाला झहूर चिडवायचा, "मानसिंगभाऊ, दिव्याखाली अंधार!" मानसिंग हसून सोडून द्यायचा. दुसरं करणार काय? तो अंधार त्यानेच पाडलेला होता.

हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला जोर लागला की टक वाजणाऱ्या पान्याने, पंचेचाळीसवर आवळायचे असतात. मोनालीच्या गाडीचे तो पस्तिसावरच सोडायचा. गॅस्केट फाटलं की गाडीचा जोर जातो, पोरगी हळू येते, जिवंत येते. एवढाच त्याचा विचार. सरळ नाही म्हटलं असतं, तर तिने कुठल्याही अर्धवटाकडून बाटली जोडून घेतली असती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मागच्या रविवारी गॅस्केट फाटलं आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट थेट मागच्या टायरवर उडालं. गाडी सुसाट असतानाच आडवी झाली. मोनालीचा डावा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. जखम धुताना तिची आई, प्रेमला, नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जगाची हेडं टिकत्यात, आन् आपल्याच पोरीची कशी वो फुटत्यात?"

"परत बसवा पप्पा," मोनाली म्हणाली. "पुढच्या महिन्यात रेस आहे."

या खेपेला त्याने कसर ठेवली नाही. हेडवर पोलादी पट्टी धरून पाहिली, किंचित वाकलेलं निघालं, ते घासून सपाट करून आणलं. तांब्याचं गॅस्केट घातलं, बोल्ट नवे घेतले. आतला भडका आवाक्यात राहावा म्हणून ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली, पेट्रोल जरा वाढवलं. मग मधल्या बोल्टापासून बाहेर, आडव्या क्रमाने, तीन टप्प्यांत पंचेचाळीस. इंजिन तापवलं, पुरतं थंड होऊ दिलं, पुन्हा आवळलं. प्रत्येक बोल्टागणिक त्याला वाटत होतं, आपणच पोरीला मागून ढकलतोय. आणि ढिलं ठेवायची सोय आता उरली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

"आता न्हाय फाटायचं," तो हात पुसत म्हणाला.

मोनालीने पंचेचाळीसवर लावलेला टॉर्क रेंच उचलला आणि एकेका बोल्टावर धरून पाहिला. टक. टक. एकही बोल्ट हलला नाही. मानसिंगचं तोंड उतरलं.

"कवापास्नं तपासतीस गं?"

"मागच्या टायमालापण तपासले होते. रेंचचा टक यायच्या आधीच फिरायला लागले, म्हणून तसेच सोडले."

"ठाव होतं, तर गाडी काढलीस कशापायी?"

"तुमचा हात कधी चुकत नाही, पप्पा," ती म्हणाली. "वाटलं, काहीतरी विचार करूनच ठेवले असतील."

विचार करूनच ठेवले होते. एवढंच त्याला तिला सांगता येईना.