चौथ्याचा चेहरा

उरण नाक्यावर ट्रकांचे नंबर रंगवणारा एक म्हातारा बसतो. गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय त्याला उठवत नाही. एकदा स्कूटरचा नंबर रंगवून घेताना त्याच्यामागे टेकवलेला पत्रा मला दिसला. पत्र्यावर समुद्रातली मोठी बोट रंगवलेली होती आणि कठड्याशी चार तरुण खलाशी. तिघे हसत होते. चौथ्याला चेहराच नव्हता.

"आमी चौघं दोस्त. पार ब्राझीलपरेंत गेलो व्हतो," तो म्हणाला.

"मग हा अर्धवट का?"

"तो मी हाय." त्याने सावकाश ब्रश पुसला. "तवा मी कसा दिसायचो, ते त्या तिघांनाच ठावं. आता तिघंबी नाय."

मीही त्याला म्हातारपणीच पाहिलं होतं.