खुणेचा शब्द

लातूरचा नंबर दिसला की मला आधी धडकीच भरते. इथं सुरतेत, कारखान्याच्या फाटकाशी, सरांच्या घरून काकूंचा फोन आला तेव्हाही तसंच झालं. "सर गेले रे," एवढंच त्या बोलल्या...

भूकंपात आमचं घर गेलं, वडील गेले, सातवीतच माझी शाळा सुटली. लोहा गावचे हे सर तेव्हा आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायला आले. मला पुन्हा शाळेत बसवणं त्यांना जमलं नाही. पण चार ओळी धड लिहिता-वाचता येतील इतकं शिकवून त्यांनीच मला सुरतेच्या कामाला लावून दिलं. आज जे खातो ते त्यांच्यामुळं.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं आणि सर तिथं जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टीत गेलो की मी मागच्या बाकावर बसायचो. ताप हा त्यांचा आवडता विषय. विषाणूनं माणूस पार खचलेला असो, की जखमेतला जंतुसंसर्ग अंगभर भडकून सेप्सिस झालेला असो, वरून दोघं सारखेच तापलेले. रक्तातही पुष्कळ सारखंच चालतं. साखर बिघडते, चरबी आणि स्नायू जळणाला लागतात. "सेप्सिसमध्ये लॅक्टेट बहुधा जास्त चढतं," सर सांगायचे. "दही आंबट करतं ना, त्याच जातीचं आम्ल. पण तेबी एकटं साक्ष देत न्हाई. रक्त बघा, माणूस बघा, त्याला पुरतं बोलू द्या."

क्लासच्या मालकांना हे पसंत नव्हतं. "सर, पोरं डॉक्टर व्हायला आलीत का कीर्तन ऐकायला? खुणेचा शब्द सांगा, मिनिटात उत्तर!" मग सरांना तेही शिकवावं लागलं. प्रश्न सगळा वाचायचाच नाही. 'साथ', 'ताप', 'अंगदुखी' दिसलं की विषाणू. चला पुढं.

पावसाळा सरता सरता सरांनाच ताप आला. काकूंनी सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता डॉक्टर आहे. "वायरल हाय काकू, सगळ्या लातूरला हाय. तापाची गोळी द्या." पण सरांच्या टाचेतली जखम आतून चिघळत होती. दवाखान्यात रक्त तपासलं तोवर लॅक्टेट फार चढलेलं होतं...

तेराव्याला तो डॉक्टर आला, काकूंच्या पाया पडला.

"काकू, पायाचं मला कुणी बोललंच न्हाई."

"बोलले रे मी. शेवटी बोलले. तवर तू फोन ठेवला होतास."

"सरांनीच शिकवलं होतं..." तो म्हणाला. राग नेमका कुणाचा करावा, मला कळेना. क्लासच्या भिंतीवर त्याचा फोटो अजून आहे. सरांचा कधी नव्हताच.

हल्ली काकू फोनवर 'कसा हायस' विचारत नाहीत. मी उचलला की जे सगळ्यात महत्त्वाचं तेच आधी, एका दमात, सांगून टाकतात. मध्येच कुणी तोडेल म्हणून.

"काकू, सावकाश," मी म्हणतो. "मी ठेवत न्हाई."