हासिपदादाचं मत

हासिपदादाला मी चाळीस वर्षं ओळखतो, पण तो भोळा की बेरकी हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाच वेळा तो आमच्या गावाचा मुहतार, म्हणजे सरपंच, झाला. पंचवीस वर्षं गावाचा शिक्का त्याच्याच कोटाच्या आतल्या खिशात. तालुक्याला दोन पक्ष. एकाचा पुढारी आला की दादा त्याच्यासाठी कोकरू कापायचा, दुसऱ्याचा आला की त्याच्यासाठीही. दोघंही जाताना म्हणायचे, "हासिप आपलाच माणूस." ओढ्याच्या पाण्यावरून दोन शेजारी भांडले, तर यानं दोघांनाही 'पाणी तुमचंच' असा शिक्क्याचा कागद करून दिला.

"दादा, हे काय केलंस?" मी विचारलं.

"अरे सब्री, दोघंही घरी आले होते."

मी माझ्या दुकानात जाऊन साखर जोखत बसलो.

सहाव्या वेळी त्याच्यासमोर शेजारच्या झेकियेआक्काचा इल्हामी उभा राहिला. अंकाराची नोकरी सोडून आलेला पोरगा. दादानं पहिल्यांदाच धास्ती घेतली. "मुहतार नसलो, तर सकाळी उठून जायचं कुठं रे मी?" असं तो मला दहादा तरी म्हणाला असेल.

मतदान शाळेत. आमच्याकडे मुहतारकीचे उमेदवार आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या छापून आणतात. पडद्याआड जायचं, हवी ती चिठ्ठी पाकिटात घालायची, पाकीट पेटीत. मोजणीला मी पेटीजवळच होतो. दोघांना सत्त्याऐंशी-सत्त्याऐंशी. उरलं एक पाकीट, आणि त्यातून निघाल्या दोघांच्याही चिठ्ठ्या. मत बाद. बरोबरी झाली म्हणून नियमाप्रमाणे पिशवीत दोघांची नावं टाकून एक उचललं, ते इल्हामीचं निघालं. दादानं खिशातून शिक्का काढला, बाहीला पुसला आणि त्याच्या हातात ठेवला. मला बघवेना.

घरी जाताना मी रस्ताभर धुसफुसत होतो. "कोण गाढव असेल हा, दादा? दोन चिठ्ठ्या?"

पाणवठ्याशी दादा थांबला. "झेकियेआक्का आली होती रे. कॉफी प्यायली. म्हणाली, तुझं मत माझ्या पोराला दे. म्हातारीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? दिला शब्द. आणि तुझ्या वहिनीला, मुझय्येनला, तर आधीच दिला होता, की स्वतःला देईन म्हणून."

"म्हणून दोन्ही घातल्यास?"

"मला वाटलं, अर्धं-अर्धं धरतील."

पंचवीस वर्षांत या माणसानं किती मोजण्या बघितल्या असतील! हसावं, रडावं की दोन लगावाव्यात, मला काही समजेना. दादाचा चेहरा तर माझ्याहून गोंधळलेला. जणू उत्तर मीच देणार होतो.

बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. मुझय्येनवहिनी दारातच उभ्या होत्या, डोळे सुजलेले. "भावजी, ते पाकीट कुणाचं, कळलं का?"

मी दादाकडे बघितलं. दादा जोड्यांकडे बघत होता.

"नाही कळलं, वहिनी."

"ज्यानं टाकलं त्याचे हात झडोत!" वहिनींनी आभाळाकडे बघत म्हटलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "म्हणा की तुम्हीपण."

हासिपदादानं दोन्ही तळवे वर केले आणि हळूच म्हणाला, "आमीन."