घाटात सुटणारा दुसरा गिअर

उद्धवरावांना मी प्रथम पाहिले, ते त्यांच्या मोटारीत आईच्या मांडीवर बसून. भैंसा येथे आमचे घर त्यांच्या घरास लागून होते. पुढील हकिकत त्यांच्या पत्नी सोजरबाई यांनी मला अनेकदा सांगितली. म्हणून ती लिहिण्याचे धाडस करीत आहे.

उद्धवराव हे भगवानरावांची जुनी प्रवासी मोटार चालवीत. नांदेडचा सपाट रस्ता त्यांना तळहाताच्या रेषांसारखा पाठ होता. छप्पन साली राज्यांची फेररचना झाली आणि आमचा तालुका नांदेडमधून निघून आदिलाबाद जिल्ह्यास जोडला गेला. जिकडे कचेरी तिकडे उतारू. आदिलाबादच्या वाटेवर मात्र निर्मळ गावापुढे घाट होता.

घाटाने मोटारीचे दुखणे उघडे पाडले. एके दिवशी भर उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटला आणि मोटार मोकळी धावू लागली. ब्रेक दाबता दाबता जळका वास सुटला. मोटार कशीबशी थांबली; उतारू उरलेला घाट पायी उतरले.

"गिअरच्या पेटीतले दात झिजले, उद्धवा," भगवानराव म्हणाले. "भंगारात देऊन टाकतो. तू कापसाच्या जिनिंगवर ये, गठाणी उचल."

"मालक, एक दिवस द्या. पाहून तर घेतो."

"पाहा. पण म्हातारीला पाहून ती जवान होत नसते!"

हे शब्द उद्धवरावांच्या जिव्हारी लागले. मोटार गेली, तर त्यांच्या हातचे कसबच जाणार होते.

सकाळी त्यांनी इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकून पाहिला. दांडा मागे ओढताच पहिला 'खट्' आवाज करून बसला. तिसराही तसाच. दुसऱ्यासाठी दांडा पुढे ढकलला, तेव्हा आवाजच झाला नाही. गादीला टेकावा तसा तो मऊ टेकला आणि हात काढताच मागे सरकला. म्हणजे गिअर पुरता लागतच नव्हता. पेटी उघडण्याआधी बाहेर काय आड येते, ते पाहणे भाग होते.

सोजरबाई चहा घेऊन आल्या. "काऊन हो, दांड्याशी बोलून राह्यले का?"

"मी बोलतो, पण हा कुठं बोलते? हे पाह्य, इथं अडते."

दांडा तळाच्या फळीतील भोकातून वर येई. त्या भोकातून धूळ आणि गरम वाफ येते, म्हणून उतारूंनी मूठमूठ कापूस कोंबला होता. जिनिंगच्या गावात कापसाला काय तोटा! तेल आणि धूळ पिऊन त्याचा दगड झाला होता. पहिली मूठ खुद्द आपलीच होती, हे उद्धवरावांनी कबूल केले.

"कुठून आणला होता?" सोजरबाईंनी विचारले.

उद्धवराव चहा पिऊ लागले.

"माझी उशी पातळ काऊन झाली, ते आज कळलं!"

पेचकसाने सगळा कापूस उकरून काढल्यावर दांडा बोटभर आणखी पुढे गेला. खट्!

त्याच दिवशी त्यांनी भगवानरावांना शेजारी बसवून घाट गाठला. परतीच्या उतारावर दुसरा गिअर टाकून उद्धवरावांनी दांड्यावरचा हात उचलला.

"अरे, धर तो!" भगवानराव ओरडले.

"राहू द्या मालक. आता तो कुठं जात नाही."

दांडा जागचा हलला नाही. पायथ्याशी येताच भगवानरावांनी कपाळ पुसले. "उद्या आदिलाबादचे उतारू बसव."

दुसऱ्या दिवशी मोटार भरली. दांड्याजवळच्या बाकावर माझी आई बसली आणि सवयीने गाठोड्यातील कापूस चाचपू लागली. उद्धवरावांनी हात जोडले.

"वैनी, एवढं ऐका. धूळ आली तर नाकाला पदर लावा, पण त्या भोकात काही कोंबू नका."